बाटलीनानांचं गोडं पाणी

बाटलीनाना गेले आणि दीड महिन्यात त्यांचं बिंग फुटलं. समुद्र-संशोधन केंद्रात पस्तीस वर्षं त्यांचं एकच काम. एकट्यानं होडी घेऊन तीन तास आत जायचं, ठरल्या जागी पाण्याच्या बाटल्या भरायच्या, आणून द्यायच्या. शेवटचं वर्ष मात्र ते आत गेलेच नव्हते. नदीच्या मुखाशीच बाटल्या भरून दुपारी घरी यायचे.

इकडे केंद्रातल्या दोन शास्त्रज्ञांची त्या पाण्यावरून जुंपली होती. समुद्राचं मीठ कमी का झालं? थोरले म्हणत, प्रवाहच वळला. धाकटे म्हणत, दूरचा बर्फ वितळून आला. वर्षभर दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मग नवा माणूस होडी घेऊन गेला आणि पहिल्याच दिवशी पाणी खारट! दोघांची विद्वत्ता एकाच बाटलीत बुडाली.

आता नवा वाद. शेवटच्या आजारात नानांच्या मेंदूत गाठ दिसली होती. एक डॉक्टर म्हणाले, बरंवाईट जिथं कळतं तिथंच ती बसली होती, माणसाचा दोष नाही. दुसऱ्यांनी लिहून पाठवलं, अशा गाठी घेऊन कितीतरी माणसं सरळ जगतात. म्हणून नानींना केंद्रात बोलावलं.

डॉक्टरांनी विचारलं, "घरी ते बदलले होते का? भलतंसलतं वागणं?"

सोबत आलेली लेक नानींच्या कानाशी लागली. "आई, हो म्हण. बाबांचं नाव धुऊन निघेल."

बदलले तर होतेच. जन्मभर 'वाढ' आणि 'निघतो' यापलीकडे न बोललेला माणूस दुपारी समोर बसून दोन्ही हातांवर लोकरीची लड धरायचा. नानी गुंडा करायच्या आणि हा बोलत सुटायचा. "हसताना तुझा एक डोळा मिटतो. मला आजवर दिसलंच नाही गं."

"म्हातारचळ लागलाय तुम्हाला!"

"लागू दे. समुद्र काही पळून जात नाही."

लड संपू नये म्हणून नानी मुद्दाम हळू गुंडाळायच्या.

'हो' म्हटलं की नाव वाचणार. पण मग त्या दुपारीही गाठीच्याच. बाटल्या गाठीच्या आणि दुपारी नवऱ्याच्या, अशी वाटणी कुठला डॉक्टर करून देणार?

"नाही," नानी म्हणाल्या. "माणूस शुद्धीवर होता. घराची ओढ लागली, म्हणून यायचा."

थोरले खाकरले. "वहिनी, मग ही लबाडी ठरेल."

"लबाडीच केली. माझ्यापायी केली. तसं लिहा."

धाकट्यांनी पेन उचललं, आणि ते तसंच धरून बसले.

वाटेत लेक पुढं पुढंच चालत राहिली. कोपऱ्यावरूनच आपल्या घराकडे वळली. नानींना ते लागलं. पण दुपार व्हायला आली होती. पावलं सवयीनं भराभर पडू लागली, ती दाराचं कुलूप दिसेपर्यंत थांबली नाहीत.