चौथ्या कड्याखालची माती

चौथ्या कड्यात मिनिटाला तीन मिलिमीटर पाणी मुरत होतं, आणि तासाभरानंतरही वेग कमी होत नव्हता.

स्वप्नालीनं पुन्हा आकडे पाहिले. गडमुडशिंगीच्या या काळ्या रानात पाणी आधी भराभर मुरतं. माती भिजून फुगली की जवळजवळ थांबतं. बाकीची तीन कडी तेच सांगत होती. कडं म्हणजे जमिनीत ठोकलेला पाइपचा तुकडा, वर उपडी बाटली, तिच्यातली पातळी दर मिनिटाला मोबाइलवर पाठवणारा सेन्सर. कुठल्याही शेतकऱ्याला परवडावं म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं स्वतः जुळवलेलं यंत्र.

बांधावर बसलेली तिची आई, तानाबाई, हसली. "गळत असंल तुझं डबडं. एवढं शिकून डबडी राखत बसलीयास!"

स्वप्नालीनं पहिलं यंत्र चौथ्या जागी बसवलं, चौथं पहिल्या. तासभर थांबली. पहिल्या जागी पाणी थांबलं. चौथ्या जागेची बाटली तिसऱ्यांदा भरावी लागली. बुडबुडा नाही, आवाज नाही. खाली कुणी ओंजळ धरून बसावं तसं पाणी जात होतं.

"आई, ही भरावाची माती आहे. खूप खोल. आपली विहीर इथंच होती ना?"

तानाबाईचं हसू गेलं. "व्हय."

थोरली बहीण संयोगिता पळून गेली, असं वडिलांनी, आबांनी, सांगितलं तेव्हा स्वप्नाली नऊ वर्षांची होती. त्याच आठवड्यात आबांनी ट्रॉल्या भरभरून मुरूम आणला आणि भरल्या पाण्याची विहीर बुजवली. त्याला एकोणीस वर्षं झाली. घरात संयोगिताचं नाव निघेनासं झालं. आबाही गेले. पण दर अमावस्येला तानाबाई या कोपऱ्यात दहीभात ठेवायची. विचारलं तर म्हणायची, "कावळ्यांस्नी." ठेवायची मात्र बारशाला आलेल्या, संयोगिताचं नाव घातलेल्या वाटीत.

मोबाइलवरच्या आलेखाची रेघ वाकत नव्हती. दोघी तिच्याकडे बघत राहिल्या.

"तिची एक चप्पल हिरीच्या काठाला घावली हुती," तानाबाई म्हणाली. "मी उचलली न् चुलीत घातली. तुझ्या आबांनी इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय."

स्वप्नालीनं विचारलं, "आबांना माहीत होतं?"

"ठाव न्हाय. म्हणून तर इचारलं न्हाय की गं."

बाटली रिकामी झाली. स्वप्नालीनं सवयीनं ती उचलली आणि घागरीकडे वळली. तानाबाईनं ती तिच्या हातातून काढून घेतली, टोपण घट्ट लावलं आणि पदरानं हात पुसले.

"पोलिसांस्नी फोन लाव," ती म्हणाली. "चपलीचं मीच सांगतो. हीर उकरायची."