खरवडलेलं कपाट

सासऱ्यांची उभी हयात पॉलिश करण्यात गेली. कुणाच्या टेबलावरचा ओरखडा असो की कुणाच्या खुर्चीवरचा डाग, यांनी हात फिरवला की पार नाहीसा. आणि त्यांच्याच घरात, त्यांच्या डोळ्यांदेखत, सूनबाई चांगलं रंगवलेलं कपाट पॉलिश पेपरनं खरवडत बसल्या होत्या! आता काय बोलायचं, सांगा!

पण तिचाही इलाज नव्हता. नोकरी सुटल्यावर मिळालेलं हे पहिलं काम. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचं जुनं कपाट वर पाठवलं होतं. आधी तपकिरी रंग द्यायचा, त्यावर फिकट निळा, आणि मग तो निळा असा घासायचा, की वर्षानुवर्षं वापरून झिजल्यासारखा दिसला पाहिजे. संध्याकाळी पाचला त्या बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर दवाखान्यातलं सगळं फर्निचर तिच्याकडे, नाहीतर पुन्हा अर्ज घेऊन दारोदार फिरणं आलंच.

आता ही बाई पडली कमालीची टापटिपीची. पातेलं घासावं तसं तिनं कपाट घासलं. चारही कडा सारख्या, दोन्ही दारं सारखी, एक कोपरा म्हणून सोडला नाही. मग मागे सरकून पाहिलं. कपाट जुनं कुठलं दिसतंय, त्याला खरूज झाल्यासारखं दिसत होतं.

"झालं वाटोळं!" म्हणत ती मटकन खाली बसली.

खिडकीपाशी सासरे इतका वेळ तोंड दाबून बसले होते. हात थरथरायला लागल्यापासून, म्हणजे वर्ष झालं, त्यांनी कुठल्याच लाकडाला हात लावला नव्हता. पण आता राहवेना.

"अगं, बिजागरीपाशी कोण कशाला हात लावेल? तिथे कसं झिजेल?"

"मग कुठे झिजतं, बाबा?"

ते उठलेच. कपाटासमोर उभं राहून त्यांनी दार ओढल्यासारखं केलं. "इथे, मुठीभोवती. या कडेला, बोटं लागतात तिथे. आणि खाली, पायाची ठोकर बसते तिथे. बाकीचं झाकून टाक. अजून अकराच वाजलेत."

तिनं निळ्याचा आणखी एक हात मारला. दोनपर्यंत तो खडखडीत वाळला. मग तिनं पॉलिश पेपर सासऱ्यांपुढे धरला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हा हात बघ कसा हलतोय!"

"बघितलाय. माझा फार सरळ चालतो हो, तिथंच तर घोटाळा झाला."

पुटपुटत त्यांनी सुरुवात केली. कागद कुठे टेकत होता, कुठे सुटत होता. मुठीभोवती तपकिरी रंग दाट उमटला, कडेला विरळ, मध्येच अजिबात नाही. असं ठरवून कुणालाही जमलं नसतं.

पाचला डॉक्टरीणबाईंनी मुठीभोवती बोट फिरवलं. "अगदी खरं वाटतंय! जमवलंत कसं?"

"मी नाही, आमच्या बाबांनी. आज हे नसते ना, तर मला तोंड लपवायला जागा उरली नसती. यांचे उपकार कसे फेडू तेच कळत नाही."

"उपकार कसले डोंबलाचे!" सासरे गुरगुरले, आणि डॉक्टरीणबाईंकडे वळले. "पुढचं सामान सकाळी लवकर पाठवा. आम्हाला रंग वाळवायला वेळ लागतो."