मामा नावाचं अस्वल

मामाने आयुष्यात एकही वस्तू वाचल्याशिवाय घेतली नव्हती. मिक्सर घ्यायचा तर तो आठवडाभर मिक्सरवाल्यांचे अभिप्राय वाचायचा. गादी घ्यायची तर त्या गादीवर झोपलेल्यांचे, आणि झोप न आल्यामुळे चिडून लिहायला बसलेल्यांचेही. विमा कंपनीत दावे तपासायची नोकरी असल्यामुळे बारीक अक्षर दिसलं की त्याच्या डोळ्यांना आपोआप धार चढायची. घरात कोणाला काही घ्यायचं झालं की 'मामाला विचारा' हे ठरूनच गेलेलं होतं.

भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, मामला नेमका उलटा. त्यांचं टायरचं दुकान. स्वतःला काही घ्यायचं तर पहिल्या दुकानात शिरायचं, पहिली दिसेल ती वस्तू उचलायची आणि मोडेपर्यंत वापरायची.

"तुझ्या ताईलासुद्धा मी पहिल्याच भेटीत हो म्हटलं," ते मामाला सांगायचे. "अजून चालतेय."

"वॉरंटी कधी संपली ते विचार त्यांना," ताई आतून ओरडायची.

त्यामुळे ज्या दिवशी त्यांच्या मुलीचा, भिंगरीचा, पाठीचा कणा वाढत्या वयाबरोबर वाकत चाललाय आणि ऑपरेशन करून सळया बसवाव्या लागतील असं कळलं, त्या दिवशी हॉस्पिटल शोधायचं काम कोणाच्या गळ्यात पडलं हे वेगळं सांगायला नको. मामाने वाचलं, पडताळलं, पुन्हा वाचलं आणि एका सर्जनवर बोट ठेवलं. पाचपैकी पावणेपाच तारे. ज्या मूठभर लोकांनी एकच तारा दिला होता, त्यांची तक्रार पार्किंगची होती.

"लोक पार्किंगवरून चिडतायत, याचा अर्थ बाकी चिडण्यासारखं काही नाही," मामाने खुलासा केला.

भाऊजींनी टायर दाबून पाहावा तसं मामाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तू म्हणतोस ना? मग करू."

त्या 'तू म्हणतोस ना'चं वजन मामाला तेव्हा कळलं नाही. ते पुढे टप्प्याटप्प्याने कळत गेलं.

ऑपरेशननंतर भिंगरीला बरेच दिवस पडून राहावं लागणार होतं. भिंगरी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. तिला एका जागी बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं म्हणून पडलेलं. अशा मुलीला अंथरुणात कसं ठेवायचं? तर मामाने आगाऊच हातात धरून खेळायचा कन्सोल आणला. कन्सोल सोपा होता. प्रश्न त्यात कुठला गेम घालायचा हा होता. मामाने 'हातातल्या कन्सोलसाठी सर्वोत्तम दहा' वाचले, 'सर्वोत्तम पंचवीस' वाचले. 'मरण्यापूर्वी खेळायलाच हवेत असे पन्नास' मात्र नुसतं शीर्षक पाहून बंद केले. सगळ्या याद्यांत एकच गेम पहिला होता. एक लठ्ठ अस्वल पाठीवर गाठोडं घेऊन बर्फाचा डोंगर चढतं. बस्स. एका जाणकाराने लिहिलं होतं, 'असहायतेचा इतका अस्सल अनुभव दुसरा कुठलाही गेम देत नाही.' पाच तारे. मामाला वाटलं, छान असणार.

बारीक अक्षर त्याने फक्त याच वेळी वाचलं नाही. त्यात लिहिलं होतं की या गेममध्ये जीव एकच आहे, आणि मधे थांबायची सोय नाही. अस्वल दमलं की शेकोटीपाशी बसतं. शेकोटीत अधूनमधून लाकूड टाकायचं. विझली की अस्वल गारठून मरतं आणि सगळा डोंगर पायथ्यापासून. कन्सोल बंद केला तरी तेच.

"हा काय गेम आहे!" ताई म्हणाली होती. "लग्नानंतर मी हेच करतेय."

पण भिंगरीला तो बेहद्द आवडला. सुरुवातीला अस्वल सतत मरायचं. मग तिचा हात बसला. तिने त्याचं नाव ठेवलं मामा, कारण पोट आणि चाल. ऑपरेशनच्या सकाळी तो मामा शिखराखालच्या शेवटच्या खडकापाशी येऊन पोचला होता, आणि त्याच वेळी नर्सने भिंगरीची खाट ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी आणून थांबवली.

"हे आत नाही चालत हं, बाळा."

"एक मिनिट! मामा, इकडे ये. हे बटण. शेकोटी बारीक झाली की दाबायचं. लाकडं संपली तर मागे जंगल आहे, तिथून आणायची. खड्डा आहे, तो उडी मारून. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"बटण. जंगल. खड्डा."

"मामाला मरू देऊ नकोस, मामा."

"तू काळजी करू नकोस," मामा म्हणाला. खाट आत गेली. दार आपलं आपण बंद झालं. मामाच्या लक्षात आलं की काळजी करू नकोस हे वाक्य आपण भलत्याच माणसाला सांगितलं.

बाहेर एकाला एक जोडलेल्या लोखंडी खुर्च्या होत्या. एकाने पाय हलवला की रांगेतल्या सगळ्यांना कळायचं. ताई दारापाशी उभीच राहिली. बसली तर आत काहीतरी बिघडेल असा तिचा चेहरा होता. भाऊजी औषधांच्या खिडकीवर गेले, परत आले, पुन्हा गेले. त्यांना हात रिकामे ठेवून बसता येत नसे. मामा भिंतीतल्या प्लगला चार्जर लावून शेवटच्या खुर्चीवर बसला आणि त्याने लाकूड टाकलं.

शेजारच्या खुर्चीवर एक आजीबाई होत्या. त्यांचे यजमान गुडघा बदलायला आत गेले होते. त्यांनी थोडा वेळ पाहून घेतलं.

"पोर आत आणि तुम्ही गेम खेळताय?"

"तिचाच आहे. तिने सांभाळायला दिलाय."

"मग ठीक." त्या जरा जवळ सरकल्या. "जाळ कमी झालाय बघा."

मामाने लाकूड टाकलं. आत भिंगरीच्या पाठीवर कोणीतरी काहीतरी करत होतं आणि त्यात मामाला करता येण्यासारखं काही नव्हतं. इथे निदान एक बटण होतं. भविष्याचे रकाने वाचून हसण्यात त्याची हयात गेली होती. तरीही, हळूहळू, कसं ते त्यालाही कळलं नाही, मामाची खात्री होत गेली की ही शेकोटी पेटती आहे तोवर आत सगळं ठीक आहे. असा दावा कोणी टेबलावर आणून ठेवला असता तर त्याने तो न वाचताच फेटाळला असता.

लाकडं संपली. मामाने अस्वलाला उठवून जंगलाकडे चालवलं. अस्वल खड्ड्याच्या काठावर अर्धं लटकलं.

"उडी! उडी मारा!" आजीबाई ओरडल्या. रांगेतल्या सगळ्या खुर्च्या हलल्या. भिंतीवरच्या 'शांतता राखा' पाटीखालून सुरक्षारक्षकाने मान काढली.

अस्वल वाचलं. लाकडंही आणली. मामाच्या कपाळाला घाम आला होता. आजीबाईंनी पदराआडून एक लिमलेटची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "ह्यांचा गुडघा राहिला बाजूला, माझाच जीव वर आला."

थोड्या वेळाने त्यांना आत बोलावलं. मामा एकटा उरला.

मग दार उघडलं आणि हिरवी टोपी घातलेला एक तरुण डॉक्टर बाहेर आला. मास्कच्या दोऱ्यांचे वळ त्याच्या गालांवर उमटलेले होते. ताई, भाऊजी आणि मामा त्याच्याभोवती जमले. मामाच्या हातात कन्सोल तसाच होता.

"ऑपरेशनच्या वेळी आम्ही पायांच्या नसांचे सिग्नल मशीनवर बघत असतो," तो म्हणाला. "डाव्या पायाचा सिग्नल कमी झालाय. म्हणून सरांनी सळई जरा सैल केलीय आणि थांबलेत."

"थांबलेत म्हणजे?" ताईने विचारलं.

"म्हणजे बघतायत, परत येतोय का."

"आणि नाही आला तर? पाय—"

"बघू. बऱ्याचदा येतो."

दार बंद झालं. भाऊजी फक्त मामाकडे एकदा बघून औषधांच्या खिडकीकडे निघून गेले, आणि ते 'तू म्हणतोस ना' पूर्ण वजनासकट मामाच्या छातीवर येऊन बसलं.

तो खुर्चीवर परतला. खिशातला फोन काढून त्याने सर्जनचे सगळे अभिप्राय पुन्हा वाचायला घेतले. कोणी डाव्या पायाबद्दल लिहिलंय का? कोणी तरी? एका गृहस्थांनी लिहिलं होतं, 'डॉक्टर देवमाणूस. पार्किंग गैरसोयीचं.' एका बाईंनी लिहिलं होतं, 'पार्किंग असूनही आत सोडत नाहीत.' डाव्या पायाबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं. ज्यांचे पाय परत आले नसतील ते लोक अभिप्राय लिहायला बसत नसावेत, हे मामाच्या आत्ता लक्षात आलं.

कन्सोलच्या पडद्यावर अक्षरं उमटली. 'मामा गारठतो आहे.'

लाकडं संपली होती. मागे जंगल होतं. खड्डा होता, आणि आता तो ओलांडायचा कसा हे मामाला येत होतं. त्याचा अंगठा बटणावर होता.

'मामा गारठतो आहे.'

त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. आणि इतका वेळ जे अस्वल त्याला भिंगरी वाटत होतं, ते भिंगरी नव्हतंच. नाव समोर लिहिलेलं होतं. ते तो स्वतः होता.

मामाने अंगठा उचलला.

ठीक आहे, तो मनात म्हणाला. कोणाचा तरी हिशेब चुकता व्हायचाच असेल तर याला घ्या. नाव बघा, मामाच आहे. हॉस्पिटलही यानेच निवडलंय. हा दावा नक्की कोणाकडे दाखल करायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यामुळे तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. शेकोटी आधी लाल झाली, मग राखाडी. अस्वलाने गाठोडं पोटाशी घेतलं. बर्फ पडत राहिला. त्यात अस्वल कुठे आहे हे दिसेनासं झालं, तेव्हा पडद्यावर आलं, 'मामा गेला.' आणि त्याखाली, 'पुन्हा सुरू करायचं?'

मामा तसाच बसून होता. कोणीतरी त्याच्या नाकासमोर चहाचा कागदी पेला धरला.

"घे," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज भलताच मोकळा होता. "आला की रे सिग्नल! पूर्ण आला. पुढचं काम सुरूही केलं त्यांनी."

"कधी?"

"मघाशीच. खिडकीपाशी तोच टोपीवाला भेटला. तुझ्या ताईला सांगितलं, तर ती भिंतीला धरून खालीच बसली. तिला पाणी दिलं, मग म्हटलं आता चहा घेऊनच जावं. का, तुला कोणी सांगितलं नाही?"

"मघाशी म्हणजे कधी? याच्या आधी की नंतर?"

"कशाच्या?"

चहा गरम होता आणि पेला पातळ. मामाने तो तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला खोलीत आणलं. तिला सपाट पाठीवर झोपवलं होतं, एका हाताला सलाइन, मान आणि हात हलवायला बंदी. सर्जन आले. मामाने त्यांना प्रत्यक्ष पहिल्यांदाच नीट पाहिलं. ते फोटोतल्यापेक्षा थकलेले होते. त्यांनी चादर वर करून सांगितलं, "बोटं हलव." उजवी हलली. डावी जराशी, उगाच विचार केल्यासारखी.

"डावा पाय आळशी आहे," सर्जन म्हणाले. "येईल रांगेला."

"पूर्ण?" ताईने विचारलं.

"यायला हवा," ते म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले.

भिंगरीने छताकडे बघत पहिला प्रश्न केला, "मामा, मामा कुठे आहे?"

"हा काय, इथेच."

"तू नाही. मामा."

मामाने खाटेचा दांडा धरला. "तो गेला गं."

"कसा?"

"लाकडं संपली."

"मग आणायची ना! जंगल मागेच होतं. मी सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतंस."

"मग?"

मामाने आजवर लोकांच्या शेकडो कहाण्या ऐकून त्यांवर शिक्का मारला होता. ही कहाणी कोणीही मान्य करणार नाही, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? "मला जमलं नाही," तो म्हणाला.

भिंगरीचे डोळे भरले. हात उचलता येत नव्हता, त्यामुळे पाणी सरळ कानांत गेलं. नर्स लगबगीने आली. "पेशंटला रडवू नका हो! पाठीला ताण बसतो." ताईने रुमालाने भिंगरीचे कान पुसले आणि मामाकडे असं पाहिलं की पाचपैकी एक तारासुद्धा हातात येऊ नये.

"पहिल्या दुकानातला पहिला गेम घेतला असता," भाऊजी खिडकीकडे बघत म्हणाले, "तर असं झालं नसतं."

मग भिंगरीने नाक ओढलं. "नवीन सुरू कर. माझ्या तोंडावर धर. मी सांगते, तू दाब."

मामाने कन्सोल दोन्ही हातांनी तिच्या चेहऱ्याच्या वर, पडदा खाली करून धरला आणि स्वतः वाकून खालून पडदा बघायला लागला. त्याची कंबर लगेच बोलायला लागली, पण तक्रार कोणाकडे करणार?

"नाव विचारतंय."

"मामाच लिही."

"दुसरं काही ठेव की."

"नको. तुला आता मरायची सवय झालीय."

अस्वल पायथ्याशी उभं राहिलं. डोंगर सगळा समोर होता.

"चल. सरळ. आता डावीकडे."

मामाने डोळ्याच्या कोपऱ्यातून खाटेच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. तिथे चादरीखाली दोन छोटे उंचवटे होते. उजवा हलत होता, भिंगरी उतावीळ झाली की तिचा पाय नेहमी हलायचा तसा. डावा... आत्ता हलला? की पंख्याने चादर हलली?

"डावीकडे, मामा! डावीकडे! कुठे बघतोयस?"

तो डाव्या उंचवट्याकडे बघत राहिला. अस्वल सरळ चालत गेलं आणि पहिल्याच खड्ड्यात पडलं.

"मेलास," भिंगरी म्हणाली. "परत."