मैना कुणाचं ऐकते

संस्कृतीचा व्हिडिओ प्रकल्प पद्मजा मॅडमनी दोन मिनिटांत निकालात काढला. विषय होता लेणी. पाठीमागं बासरी, समोर सूर्योदय, आणि अक्षरं गिरक्या घेत घेत जागेवर येऊन बसत होती. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "सजवलंयस छान. पण तुला माहीत नव्हतं असं काय शोधलंस यात?"

सगळा मजकूर संस्कृतीनं इंटरनेटवरून उतरवला होता. त्यात तिला माहीत नसलेलं एकच होतं, तो कुणी लिहिलाय ते.

"सोमवारपर्यंत वेळ देते," मॅडम म्हणाल्या. "एक खराखुरा प्रश्न घेऊन ये. आणि ज्याचा आवाज घेशील त्याला तो आधी ऐकवायचा, मग परवानगी मागायची. तेवढं केलं नसेल तर मी प्रकल्प हातात घेणार नाही."

हातात घेणार नाही म्हणजे पेपर पुढच्या वर्षी पुन्हा. आणि इकडं घरी तर तिनं छाती ठोकून सांगितलेलं, मी संशोधन शिकतेय म्हणून.

शुक्रवारी संध्याकाळी ती करमाडजवळच्या आपल्या गावी पोचली ती पडलेल्या तोंडानंच. अंगणात पाहते तर बन्सीकाका साळूकाकूचं हिरवं लुगडं गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन, बादली सावरत गोठ्याकडं निघालेले. मिशा तेवढ्या पदरात मावत नव्हत्या.

"हसू नको," काका म्हणाले. "तुझी काकू गेली माहेरच्या लग्नाला. मैना तिच्याबिगर कुणाला थेंब देत नाय. लुगडं बघून फसती का बघू."

मैना म्हैस फसली नाही. तिनं एकदा मान वळवली, काकांना पायापासून मिशांपर्यंत न्याहाळलं आणि बादली लाथेनं उडवून दिली. काका पदरात पाय अडकून शेणात बसले. संस्कृती हसून हसून खांबाला टेकली, पण तेवढ्यातही तिनं त्यांचा फोटो काढलाच. आणि हसू ओसरल्यावर तिच्या लक्षात आलं की प्रश्न आपल्यासमोर चार पायांवर उभा आहे. मैना ऐकते तरी कुणाचं? लुगड्याचं, हाताचं की आवाजाचं?

"हे बी शिकवतेत व्हय कॉलेजात?" काका शेण झटकत म्हणाले.

शनिवारी दुपारी काकू परतली. पुतणीनं विचारलं, "काकू, तू दूध कसं काढतीस गं?" काकू तिच्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "बोलते तिच्यासंगं. दुसरं काय?" संस्कृतीला हवं होतं तेच. संध्याकाळी रेकॉर्ड करायचं ठरलं.

संध्याकाळी काकू गोठ्यात आली ती लग्नातली जरीची साडी नेसून, तोंडाला पावडर लावून. फोनसमोर तिनं हात जोडले, घसा खाकरला आणि थेट रेडिओवरच्या बाईसारखी बोलू लागली, "नमस्कार. मी आमच्या मैना म्हशीला विनंती करते की, तिने कृपया दूध द्यावे."

मैनेनं कान टवकारले. ही कोण नवीन बाई, असा भाव तिच्या तोंडावर स्पष्ट होता. दूध? नाव नको. काकूनं तीनदा विनंती केली, तिसऱ्यांदा तर "आपली आभारी आहे"सुद्धा म्हणून झालं. बादली कोरडी ती कोरडीच.

संस्कृतीनं कपाळाला हात लावला. काकू ओशाळून साडी बदलायला गेली. फोन खुंटीला अडकवून संस्कृती चहा टाकायला आत वळली. चहा घेऊन परत आली तर काकू जुन्या हिरव्या लुगड्यात बसलेली, बादलीवर फेस आलेला. आणि खुंटीवरच्या फोनचं रेकॉर्डिंग अजून चालूच.

कडब्याच्या गंजीआड जाऊन तिनं ते ऐकलं. आधी दुधाच्या धारांचा आवाज, मग काकूचा.

"मैने, त्या मोबाइलपुढं बोबडी वळली बघ माझी. तू बी लई वंगाळ, वळखलं नाय मला? ... ह्यांचं घोरणं तर इचारूच नको, बाई. पत्रं हलत्यात. अन् जाऊबाईची भाजी, मिठाला महाग. ... पर पोरगी लई गुणाची हाय. म्हणली, काकू, तू दूध कसं काढतीस? तीस वर्सं झाली ह्या घरात. भाकरी झाली का, एवढंच इचारतेत समदे. तू कसं करतीस, असं कुणी इचारलं नव्हतं मला, मैने."

संस्कृतीचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी ती आनंदानं नाचायच्या बेतात होती. असलं सोनं कुठल्या इंटरनेटवर मिळतं? पण मॅडमची अट होती. काकू नको म्हणाली तर हातात उरणार फक्त काकांच्या मिशा. न विचारता लावलं तर कुणाला कळणार, काकू थोडीच कॉलेजात येते, हाही विचार तिच्या मनात आला. खोटं कशाला बोला. तो तिनं चांगला पाच मिनिटं घोळवला, आणि मग स्वतःचाच राग येऊन उठली.

काकूनं सगळं ऐकलं. पदर तोंडाशी धरून, खाली मान घालून. दारात उभ्या काकांनी घोरण्याचं ऐकलं आणि ते खोकत खोकत लांब गेले. संस्कृतीचा जीव टांगणीला.

"नको असंल तर आत्ता पुसते," ती घाईनं म्हणाली. "आणि ठेवलंच तर तुझं नाव नाय घालत. 'एक शेतकरी महिला' लिहिते. चालतं तसं आमच्यात."

काकूनं झटकन मान वर केली. "का म्हून? एक शेतकरी महिला तर हायेच मी तीस वर्सं! डेअरीत दूध जातंय तुझ्या काकाच्या नावानं. मैना मी सांभाळती, आवाज माझा, अन् नाव कुणाचंच नाय?" मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "मिठाचं तेवढं काढ. तुझ्या मायसंगं राहायचंय मला. घोरण्याचं राहू दे."

रविवारी दिवसभर संस्कृती जुळवाजुळव करत बसली. मिठाचं वाक्य कापलं. काकांचा फोटो काकांना विचारूनच घेतला. सवयीनं बासरी लावून पाहिली आणि लगेच काढली, दुधाच्या धारांपुढं ती फारच नटवी वाटत होती. 'नमस्कार, कृपया' हे आधी ती फेकूनच देणार होती, पण तेच पहिलं ठेवलं. आपण फोन धरला की समोरचं माणूस बदलतं, हे तिला त्यातूनच तर कळलं होतं. काकूनं साडी आणि बोलणं दोन्ही एकदमच बदललं होतं, त्यामुळं लुगडं की आवाज, हे मात्र अजून ठरत नव्हतं. तसं तिनं लिहिलं, 'अजून नक्की माहीत नाही.' हे वाक्य लिहिताना इतकं मोकळं वाटेल, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी तिनं काकूला शेजारी बसवलं आणि नाव टाइप केलं. काकू अक्षरं जुळवत वाचू लागली, "सा... ळू... बा... ई. ही मी?"

"तूच."

"जरा मोठं कर की."

संस्कृतीनं मोठं केलं. काकू म्हणाली, "आणिक." मग पुन्हा, "आणिक." पडद्यावर दुसरं काहीच मावेनासं झालं, संस्कृतीचं स्वतःचं नावही बाहेर ढकललं गेलं, तेव्हा काकू मागं टेकून म्हणाली, "हां. आता दिसतंय."