मोहाखालची गाडी

गाडी घेतली तेव्हा मीटरवर दोन लाख बारा हजार किलोमीटर होते, आणि ते खरे असतील असं मला एक दिवसही वाटलं नाही. विकणारा म्हणाला, सर्व्हिसचं पुस्तक हरवलं. ज्याचं नेमकं तेच पुस्तक हरवतं त्याच्याकडून गाडी घेणाऱ्याला काय म्हणावं? मी शिक्षक आहे. याहून लहान चुकीसाठी मी पोरांना कान धरायला लावतो.

पण गाडी घेतली ती माझ्या मुलीसाठी, साक्षीसाठी. गेल्या वर्षी तिच्या डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला निघालो आणि बस मूल गावाजवळ बंद पडली. चंद्रपूरच्या केंद्रावर पोचलो तेव्हा दीड वाजून पाच मिनिटं झाली होती. गेट दीडलाच बंद झालं होतं. पोरगी गजांना धरून उभी राहिली, पण रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. यंदा बसच्या भरवशावर जायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं.

होळीनंतर ही उंच पांढरी गाडी धानोऱ्याजवळच्या आमच्या गावात, शाळेच्या क्वार्टरपुढे येऊन उभी राहिली आणि माझी झोप उडाली. रोज सकाळी ऑइलची पट्टी काढायची, पुसायची, परत बुडवून बघायची. मग इंजिन थंड ठेवणारं कूलंट, बेल्ट, टायरची हवा. गडचिरोलीच्या इसरू मिस्त्रीने बेल्ट, पाइप, फिल्टर सगळं बदलून दिलं आणि वर म्हणाला, "गुरुजी, जुनी गाडी अन् म्हातारा बैल, दोघायले लय टोचू नये." माझी बायको नंदिनी म्हणायची, "माह्यावर एवढं ध्यान कधी देल्लं नाई तुमी."

उन्हाचा मोठा प्रश्न होता. इथलं एप्रिलचं ऊन टायर शिजवून काढतं. सावली एकच, क्वार्टरमागच्या मोहाची; गाडी तिथेच लावू लागलो. ते झाड बुधरीबाईचं. आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत पिढ्यान् पिढ्या वाटलेली असतात. जमीन कोणाचीही असो, झाड कोणाचं हे गावाला ठाऊक असतं. सत्तरीची बुधरीबाई उजाडता उजाडता टोपली घेऊन यायची.

"गुरुजी, मोहा पडून राह्यला. गाडी बाजूले ठेवा ना."

"दुसरी सावली कुठी आहे, बाई?"

ती वाद घालायची नाही. खालची फुलं वेचून झाली की गाडीकडे वळायची. टपावरची, बॉनेटवरची फुलं गोळा करायची आणि शेवटी पुढच्या काचेखालच्या जाळीत बोटं घालून आत अडकलेलं एकेक फूल काढायची. एका फुलासाठी पाच मिनिटं घालवायची. मी खिडकीतून बघत मनात म्हणायचो, काय ही हाव!

एका सकाळी तिच्या हातातलं कडं पत्र्यावर घासलं. बोटभर ओरखडा उठला. मी बनियनवरच धावलो. काय काय बोललो ते लिहायची मला लाज वाटते. शेवटचं तेवढं सांगतो. म्हणालो, "आजपासून माह्या गाडीले हात लावायचा नाई. खालचं वेच अन् घरी जाय."

तिने ओरखड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरं, गुरुजी."

त्यानंतर तिने गाडीला बोट लावलं नाही. पुढे दोनदा मी आत बसलेला असताना ती गाडीजवळ आली, तेव्हा ओरखड्याचं रडगाणं नको म्हणून मी काच वर घेतली.

पंधरा दिवसांनी एसी लावला की गाडीत गोडसर वास येऊ लागला. मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला: गोड वास म्हणजे कूलंट गळतंय, इंजिन कधीही जाम होईल. दिवसातून चारदा टाकी बघितली. कूलंट रेघभरही उतरत नव्हतं. तिसऱ्या फोनला इसरू वैतागला. "काऊन घाबरून राह्यले गुरुजी? उतरत नाई म्हंजे गळत नाई." मोहाच्या दिवसांत अख्खं गाव गोड वासाचं असतं, त्यामुळे नाकाने मला वेगळं काही सांगितलं नाही.

परीक्षेच्या आधी नंदिनी म्हणाली, "आदल्या दिवशीच चंद्रपूरले जाऊन राहू." मी म्हणालो, "मंग गाडी कायले घेतली?"

मे महिन्यातला रविवार. साडेआठला निघालो. वाटेतली गावं एकेक येत गेली: गडचिरोली, व्याहाड, सावली, मूल. माझा एक डोळा रस्त्यावर, एक काट्यावर. मूल मागे टाकलं आणि मला जरा धीर आला. दहा मिनिटांत, भर जंगलात, गाडी बंद. आचका नाही, धूर नाही. काटे पडले, दिवे गेले, सगळं मेल्यासारखं झालं.

अकरा वाजले होते. मोबाईलला रेंज नव्हती. मी खाली उतरलो आणि सवयीने आधी ऑइल बघितलं. ऑइल भरपूर होतं. साक्षी हॉलतिकीट छातीशी धरून रस्त्याकडेला उभी राहिली, गेल्या वर्षी गेटपाशी उभी होती तशीच. तिच्याकडे बघवेना.

वास मात्र भरून आला होता. पेचकसाने काचेखालची जाळी उचकटली. आत ओंजळ ओंजळ मोहा होता, वाळलेला, काळपट. त्यात पाला, चिंध्या, लेंड्या. उंदरांनी तिथे संसार थाटला होता, आणि मागे जाणाऱ्या वायरी अशा कुरतडल्या होत्या की आतलं तांबं दिसत होतं.

पावणेबाराला बस आली. नंदिनी पदर खोचून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. "पोरीची परीक्षा आहे, भाऊ!" कंडक्टरने दार उघडलं. दोघी दाटीवाटीने आत शिरल्या. साक्षी खिडकीतून म्हणाली, "पप्पा, पाणी पीत राहा." बस वळणाआड गेली आणि मी रणरणत्या उन्हात एकटा उरलो. ही बसही बंद पडली तर? दीड वाजला, तेव्हा मी घड्याळ काढून खिशात टाकलं.

शेवटी रेंज मिळावी म्हणून कोसभर चालत गेलो. एका चढावर फोन वाजला. नंदिनीचा मेसेज होता: आत गेली. एक दहाला. मी रस्त्याच्या कडेला बसून लहान पोरासारखा रडलो.

आठवड्याने इसरूने नव्या वायरी टाकून गाडी दिली. मी तशीच ती बुधरीबाईच्या अंगणात नेली. ती सुपात मोहा पाखडत होती.

"साक्षी पोचली का टायमावर?" तिनेच आधी विचारलं.

"पोचली. बसनं." मग मी उंदरांचं सांगितलं.

"जाळीत मोहा राह्यला का उंदीर येतेच," ती म्हणाली. "म्हून तं रोज काढत होती मी. तुमी म्हणले, हात लावू नको. मंग नाई लावला."

माझा जुना स्वभाव उसळला. "मंग सांगाचं नाई का, बाई?"

तिने सूप खाली ठेवलं.

"सांगाले आली होती ना, दोन खेपा. तुमी काच वर केली."