आखूड कड्या

मानसिंग हवालदार लढाई संपल्यावर वडूजजवळच्या आपल्या गावी परतला, तेव्हा त्याच्या बायकोला, साळूबाईला जाऊन आठ महिने झाले होते. ताप आला आणि गेली. माडीची जमीन तोलायच्या कड्यांसाठी तिनं आणून ठेवलेलं लाकूड मात्र गोठ्यात पोत्यांखाली धड होतं.

ते त्यानंच पत्रानं आणायला सांगितलं होतं. कड्या सागाच्या घे, गाठ नको, बाक नको, लांबी बारा हात. पलटणीत राहून हुकूम नीट लिहायची सवय लागली होती. मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं आणि साळूबाई गाडी जोडून कराडच्या वखारीत गेली.

आता मानसिंगनं घर बांधायला काढलं. खांब उभे केले, बाहेरून बाहेर बारा हात धरून भिंती चढवल्या, त्यांच्या माथ्यावर कड्या टेकायला आडवी लाकडं बसवली. सगळं दोनदोनदा तपासलं. कड्या तेवढ्या तपासल्या नाहीत. बारा हात म्हणजे बारा हात.

आकाराम सुतारानं पहिली कडी वर घेतली. एक टोक भिंतीवर बसलं, दुसरं हवेत राहिलं. दीड हात कमी.

मानसिंगनं वखारवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आकारामनं दुसरी घेतली, तिसरी घेतली. साऱ्या सारख्याच. खाली पडलेल्या एका कडीवर गेरूच्या बारा रेघा होत्या. मानसिंगनं टोकाला कोपर टेकवून हात लांबवला. पहिल्या रेघेच्या पुढं त्याचा हात तीन बोटं गेला.

"कुनी मोजल्या ह्या?" आकारामनं विचारलं.

"घरातनं."

आकाराम समजला. साळूबाई लहानखुरी होती. तो म्हणाला, ह्या गोठ्याला वापरू, माडीला नव्या आणू. नाहीतर प्रत्येकीला सांधा मारतो. मानसिंग रेघांकडंच बघत होता. पत्रात त्यानं सगळं लिहिलं होतं. हात कुणाचा, तेवढं राहिलं होतं.

"भिंत आत घे," तो म्हणाला.

"आवं हवालदार, कड्यांपायी भिंत पाडायची?"

"तिनं बारा हातच आणल्यात. चूक भिंतीची हाय."

भिंत खांबांसकट दीड हात आत आली. कड्या बसल्या, त्यांवर फळ्या ठोकल्या, वर माती पसरून चोपली. माडी बघायला शेजारचा लालासाहेब आला. खाट टाकल्यावर चालायला जागा उरते का, ते त्यानं चालून बघितलं.

"लाकूड वाचवाय घर बारकं केलंस व्हय रं? लय चिकट झालास गड्या पलटणीत."

"वाया गेलं असतं," मानसिंग म्हणाला.

चिकट हेच त्याचं नाव गावात पडलं. पुढं कुणी घर काढलं की लाकूड वाचवायची युक्ती विचारायला लोक त्याच्याकडं येत. तो त्यांना बसवून सांगे, आधी लाकूड आणा, मग भिंत घाला. सल्ला चोख होता. दोघातिघांची घरं त्यावर चांगली उठली.