डबा एक की दोन

समुपदेशक बाईंनी गृहपाठ दिला होता: आठवडाभरात घरातला कुठलाही एक निर्णय दोघांनी मिळून घ्या, मग एकत्र राहायचं का त्यावर बोलू. मूल, आईवडील, नोकरी हे विषय बाईंनी स्वतःच वगळले. उरलं काय, तर बंद पडलेलं होम थिएटर. म्हणून शनिवारी दुपारी खोकेशेठ आणि त्याची बायको इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या गालिचा घातलेल्या डेमोच्या खोलीत, एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसले होते आणि पडद्यावर एक डायनासोर कुणाला तरी सावकाश खात होता.

खोकेशेठ हे नाव कामावरच्या लोकांनी दिलेलं. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत तो सुपरवायझर होता. जोडपं वेगळं होत असलं की कंपनीची एक पद्धत होती: नवऱ्याच्या सामानाला लाल चिकटपट्टी, बायकोच्या सामानाला हिरवी. ताटं, खुर्च्या, पुस्तकं यांना पटापट पट्ट्या लागत. घोडं अडायचं ते तुकडे न होणाऱ्या वस्तूपाशी. एका फ्रिजपायी एक जोडपं अख्खा हिवाळा एका छपराखाली राहिलं होतं. भाजीच्या कप्प्याला कुलूप लावून, पण राहिलं. त्यामुळे गेल्या महिन्यात बायकोने ‘दूध संपलंय’च्या सुरात ‘मला वेगळं राहायचंय’ सांगितलं, तेव्हापासून खोकेशेठ घरात वाटून घेता न येणाऱ्या वस्तू आणत सुटला होता. आतापर्यंत एक दगडी टेबल आणि एक कासव झालं होतं.

“दोन प्रकार आहेत,” सेल्समन म्हणाला. “एक म्हणजे वेगवेगळे डबे. प्रोसेसर ठरवणार कुठला आवाज कुठल्या स्पीकरला जायचा, पॉवर अँप्लिफायर त्यात जोर भरणार. नाहीतर रिसीव्हर. एकाच डब्यात दोघांचा संसार.”

दोघंही डायनासोरकडे बघत राहिले.

“वेगवेगळे घेतले तर?” बायकोने विचारलं.

“एकच बरा,” खोकेशेठ घाईघाईने म्हणाला. “वायरी कमी. धूळ कमी.”

“धूळ तू कधी पुसलीस?”

“तेच म्हणतोय. तुझं काम कमी.”

“एकाच डब्यात एक भाग बिघडला,” सेल्समनने प्रामाणिकपणे सांगितलं, “तर सगळा डबा दुरुस्तीला जातो.”

खोकेशेठला हा माणूस आवडेनासा झाला. पण तेवढ्यात डोक्यात काहीतरी चमकलं.

“समजा, प्रोसेसर एका घरात आणि अँप्लिफायर दुसऱ्या घरात. मग?”

“कशाला ठेवाल असं?”

“समजा ना.”

“मग दोन्ही घरांत शांतता, साहेब. एकट्याचा काही उपयोग नाही.”

हे तर फ्रिजच्याही वरचं होतं. खोकेशेठला समोर दिसायला लागलं: सुट्टीचा दिवस, कंपनीचा टेम्पो, तिच्या घरून मऊ फोममध्ये गुंडाळून आणलेला जड अँप्लिफायर, आणि त्याच्यासोबत आलेली बायको. सिनेमा संपेपर्यंत तरी तिला थांबणं भाग.

“वेगवेगळे घेऊ,” तो म्हणाला.

“आत्ता तर एक म्हणत होतास.”

“विचार बदलला.”

“तुला बदलता येतो, हे आधी कळवायचंस.” तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत तिला त्याचं डोकं काचेच्या बरणीसारखं दिसत असे. “अर्धं मी नेणार, असं धरून चाललायस ना? प्रोसेसर मला?”

“अँप्लिफायर.”

“म्हणजे जड ते माझ्या गळ्यात.”

“मी पोचवला असता. आणलाही असता.”

ती हसली. अगदी खरं हसली, पूर्वी हसायची तसं. त्या हसण्यात राग नव्हता, हेच खोकेशेठला झोंबलं.

“एकच घे,” ती म्हणाली. “मी काही नेणार नाहीये.”

“काहीच?”

“कपडे. चष्मा.”

“टेबल? कासव?”

“कासव तुलाच ओळखतं.”

 अशी घरं त्याने पाहिली होती. तिथे पट्टीचं रीळ उघडावंही लागत नसे. माणसं दारात नुसती उभी राहत, कुणी कशावर बोट ठेवत नसे आणि काम बघता बघता उरकत असे. भांडणाऱ्यांना तो एरवी म्हणायचा, निवांत ठरवा, आम्ही थांबतो. इथे कुणाला थांबवायचं, ते त्याला कळेना.

“भांड ना थोडं,” तो हळूच म्हणाला. “स्पीकरवरून तरी.”

“स्पीकर छान आहेत,” ती म्हणाली.

सेल्समनने डायनासोर बंद केला. “मग ठरलं का?”

“रिसीव्हर,” दोघं एकदमच म्हणाले.

“पहिल्यांदाच बघतोय इतकं एकमत,” सेल्समन खूश झाला. “मंगळवारी आमचा माणूस बसवायला येईल. घरी कोण असेल?”

खोकेशेठने बायकोकडे पाहिलं. ती पर्सची चेन लावत होती.

“हा असेल,” ती म्हणाली.